शहराबाहेर स्वस्त घर: आधी तासांचा हिशेब, मग भाड्याचा

महागड्या शहरातून बाहेर पडून तासाभराच्या अंतरावर राहायला जायचं, नोकरी मात्र शहरातलीच ठेवायची, असा विचार करणारे बहुतेकजण सुरुवात घरांच्या जाहिराती बघण्यापासून करतात. तिथेच गणित फसतं. शहरात ज्या भाड्यात एका खोलीत दाटीवाटीने राहतोय, तेवढ्यात बाहेर तीन खोल्या आणि वर बाल्कनी दिसली की माणूस मनाने तिथे राहायला गेलेलाच असतो. मग पुढचे सगळे प्रश्न त्या घराची बाजू घेऊनच विचारले जातात. रोज अडीच तास प्रवास? होईल सवय.

घर बघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. वाचलेलं भाडं म्हणजे बचत नव्हे, ती मजुरी आहे. रोज इतके तास प्रवास करण्याबद्दल तुम्हाला मिळणारी मजुरी. कुठलंही काम स्वीकारताना आपण विचारतो, तास किती आणि पैसे किती? इथेही तेच दोन प्रश्न, आणि त्याच क्रमाने.

पायरी १: दारापासून दारापर्यंतची वेळ काढा

वेळापत्रकात गाडी ३८ मिनिटांत शहरात पोचते असं लिहिलेलं असतं. ते खरंही असतं, पण तुम्ही काही प्लॅटफॉर्मवर राहत नाही. घराच्या दारापासून स्टेशन १० मिनिटं, गाडी लावून प्लॅटफॉर्म गाठायला ४, वाट बघण्यात ६, गाडीत ३८, उतरून गर्दीतून बाहेर पडायला ५, तिथून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत १२. झाली ७५ मिनिटं. म्हणजे जवळजवळ दुप्पट. ही बेरीज प्रत्येकाने स्वतःच्या घरासाठी आणि स्वतःच्या ऑफिससाठी करायची असते. 'तिथून तर सगळे जातात' हे उत्तर नव्हे. ते सगळे तुमच्या ऑफिसात जात नाहीत.

एजंटच्या 'स्टेशनपासून पाच मिनिटं' या वाक्यात ती पाच मिनिटं कुणाची, हेही विचारून घ्यावं. मोटरसायकलची, रविवारी सकाळची, की धावणाऱ्या माणसाची?

या बेरजेत दोन आकडे बाकीच्यांपेक्षा महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रक न बघता घराबाहेर पडता येतं आणि सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. तासाला एकच गाडी असेल तर तुमचं आयुष्य त्या गाडीभोवती फिरू लागतं. मीटिंग पाच मिनिटं लांबली, तर घरी पोचायला एक तास उशीर. म्हणून ६० मिनिटांच्या प्रवासाला दर दहा मिनिटांनी गाडी असलेलं ठिकाण मी ४५ मिनिटांच्या पण तासाला एक गाडी असलेल्या ठिकाणापेक्षा वर ठेवेन.

बससेवेत आणखी एक खोच असते. 'दर दहा मिनिटांनी बस' ही सरासरी झाली. प्रत्यक्षात एक बस ५ मिनिटांनी आणि पुढची १५ मिनिटांनी अशा आल्या, तरी सरासरी दहाच भरते. पण स्टॉपवर येणारी जास्त माणसं त्या मोठ्या फटीतच सापडतात, कारण ती फट मोठी असते. त्यामुळे सरासरी थांबणं पाचवरून सव्वासहा मिनिटांवर जातं. फटी जितक्या अनियमित, तितका हा फरक वाढतो. 'आम्ही आलो की नेहमी बस नुकतीच गेलेली असते' ही तक्रार निव्वळ नशिबाला दोष देणं नाही, तिच्यामागे गणित आहे.

आणि थांबलेलं मिनिट चालत्या गाडीतल्या मिनिटापेक्षा जड असतं. वाहतुकीचं नियोजन करणारे तज्ज्ञ थांबण्याचा आणि चालण्याचा वेळ साधारण दुप्पट धरून हिशेब करतात, कारण लोकांना तो तसाच वाटतो. तुमच्या ७५ मिनिटांतली किती मिनिटं बसून, किती उभ्याने आणि किती रस्त्याकडे डोळे लावून, हे वेगळं लिहून काढा.

दुसरा महत्त्वाचा आकडा म्हणजे गाड्या बदलण्याची संख्या. प्रत्येक बदल वेळ खातो, पण त्याहून जास्त भरवसा खातो. पहिली जोडणी दहापैकी नऊ वेळा जमते आणि दुसरीही दहापैकी नऊ वेळा जमते, असं धरा. ऐकायला छान वाटतं. पण दोन्ही एकाच दिवशी जमण्याची शक्यता ८१ टक्के उरते, म्हणजे आठवड्यात साधारण एक दिवस कुठेतरी चुकणारच. पहिली गाडी तीन मिनिटं उशिरा आली आणि पुढची दर वीस मिनिटांनी असली, तर त्या तीन मिनिटांची किंमत वीस मिनिटं होते.

म्हणूनच सरासरी दिवसावर निर्णय घेऊ नका. महिन्यात साधारण वीस-बावीस कामाचे दिवस. त्यातला सर्वांत वाईट दिवस किती वेळ खातो ते शोधा. रोज त्याच मार्गाने जाणाऱ्यांना 'किती वेळ लागतो?' असं विचारलं तर ते चांगल्या दिवसाचं उत्तर देतात. त्याऐवजी 'गेल्या महिन्यात सगळ्यात उशीर झाला तो किती?' असं विचारा. उत्तर देताना चेहरा बदलतो का, तेही बघा.

राहिली शेवटची गाडी. ती किती वाजता सुटते, सुट्टीच्या दिवशी किती वाजता, आणि ती चुकली तर घरी जायचा खर्च किती? संध्याकाळचं आयुष्य शहरातच असणाऱ्यांसाठी ही वेळ भाड्याइतकीच मोलाची आहे.

पायरी २: शंभराची वही

आता पैसे. महिन्याचं हातात येणारं उत्पन्न १०० धरा, म्हणजे देश किंवा चलन कुठलंही असलं तरी हिशेब बदलत नाही. वहीत दोन रकाने पाडा, आत्ताचं घर आणि नवं घर.

समजा शहरात भाडं ४० आणि येणंजाणं ५, एकूण ४५. बाहेर भाडं २२. अठराची बचत! बहुतेकांची वही इथेच मिटते. पण नव्या घरून प्रवासाचं तिकीट ९ पडतं. स्टेशन लांब आहे म्हणून एक गाडी घ्यावी लागते आणि तिचा हप्ता, इंधन, विमा, पार्किंग मिळून ८. नव्या घराची बेरीज ३९. अठराची बचत सहावर आली.

घराचा आणि प्रवासाचा खर्च एकत्र मोजावा हे म्हणणं नवं नाही. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने अमेरिकेतल्या वस्त्यांसाठी घर आणि वाहतूक यांचा एकत्रित निर्देशांकच तयार केला. त्यात दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत बसलं तर ती जागा परवडणारी मानली जाते. एरवी प्रचलित असलेली 'घरावर ३० टक्के' ही मर्यादा फक्त घराकडे बघते, त्यामुळे लांबची वस्ती कागदावर आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते.

आकडा ४५ असावा की ४०, यावर वाद घालता येईल. मुद्दा दोन्ही खर्च एकाच बेरजेत घेण्याचा आहे. जमिनीचा भाव बाजारपेठेपासून दूर जाताना का उतरतो, याचं उत्तर योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जर्मन शेतकरी-अर्थशास्त्रज्ञाने १८२६ सालीच मांडलं होतं: माल वाहून आणण्याचा खर्च जितका जास्त, तितके त्या जमिनीतून कमी पैसे सुटतात. आता धान्याच्या पोत्यांच्या जागी रोज तुम्ही स्वतः वाहून नेले जाणार आहात, इतकाच फरक.

वहीत विसरल्या जाणाऱ्या नोंदी साधारण त्याच त्या असतात. मोठ्या घराचं वीजबिल आणि ते भरायला लागणारं सामान. उशीर झाल्यावर बाहेर खाल्लेलं जेवण. मुलांना शाळेनंतर सांभाळण्यासाठी वाढलेले तास. शहरात चालत जाऊन होणारी आणि आता वाहनाने करावी लागणारी कामं. यातला प्रत्येक खर्च छोटा असतो, पण सहाची बचत गिळायला छोटे खर्चच पुरतात.

एकदाच होणारा खर्च वेगळा लिहा: सामानाची वाहतूक, अनामत रक्कम, दलाली, पडदे-कपाटं, जुन्या घराच्या नोटिशीच्या काळातलं दुहेरी भाडं. समजा हे सगळं ३६ झालं. महिन्याला सहाची बचत असेल तर पहिले सहा महिने तुम्ही फक्त हा खड्डा बुजवत असता. वर्षभरात परत फिरायची वेळ आली, तर हाच खर्च पुन्हा एकदा.

पायरी ३: तासाचा भाव काढा

पूर्वी ऑफिसला ३० मिनिटं लागत होती, आता ७५. एका बाजूला ४५ मिनिटं जास्त, दोन्ही बाजूंची मिळून दीड तास. महिन्यात २२ दिवस धरले तर ३३ तास. सुट्ट्या वगळून वर्षाला २४० दिवस धरले तर ३६० तास, म्हणजे आठ तासांचे ४५ दिवस. नवी, बिनपगारी म्हणावी अशी दीड-दोन महिन्यांची ड्यूटी.

बिनपगारी मात्र ती पूर्ण नाही, कारण त्या ३३ तासांचे तुम्हाला सहा मिळतात. म्हणजे तासाला ०.१८. नोकरीत १७६ तासांचे १०० मिळतात, म्हणजे तासाला ०.५७. थोडक्यात, प्रवास करण्याबद्दल तुम्हाला तुमच्या नेहमीच्या दराच्या एक तृतीयांशाहूनही कमी मजुरी मिळते आहे. या दराने ऑफिसने जादा काम सांगितलं असतं तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

हा प्रश्न नाउमेद करण्यासाठी नाही. हाच हिशेब दुसऱ्या परिस्थितीत घाला. ऑफिसला महिन्यात २२ ऐवजी १३ दिवसच जायचं असेल, तर जास्तीचे तास साडेएकोणीसवर येतात. दोन्ही रकान्यांतला येण्याजाण्याचा खर्चही साधारण त्याच प्रमाणात उतरतो आणि बचत आठच्या जवळ जाते. तासाचा भाव दुपटीहून वर, तुमच्या नेहमीच्या दराच्या सुमारे दोन तृतीयांश. आता हा सौदा विचार करण्यासारखा झाला. मासिक पास काढणार असाल तर मात्र एक सावधगिरी बाळगा. पासचे पैसे तुम्ही घरी बसलात तरी जातात. कमी दिवस जाणाऱ्याला सुटी तिकिटं परवडतात की पास, हे काढायला पासची किंमत एका दिवसाच्या येण्याजाण्याच्या तिकिटाने भागा. येणाऱ्या आकड्याहून कमी दिवस जाणार असाल तर पास नको.

दोन अभ्यास इथे उपयोगी पडतात. १९९४ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी, त्याआधीच्या याकोव झहावी यांच्या कामाचा आधार घेत, एक निरीक्षण मांडलं. माणूस पायी चालणारा असो की मोटारीने फिरणारा, दिवसभरातला त्याचा एकूण प्रवास सरासरी तासाभराच्या आसपास राहतो. वाहनं वेगवान झाली की लोक वेळ वाचवत नाहीत, लांब राहायला जातात. तुमचं येणंजाणं अडीच तास असेल, तर त्या सरासरीच्या तुम्ही बरेच पुढे आहात हे जाणून पाऊल टाका.

दुसरा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ आलोइस श्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांचा. अर्थशास्त्राच्या पुस्तकी तर्काप्रमाणे लांबून येणाऱ्याला कुठून तरी भरपाई मिळालेली असायला हवी, स्वस्त घरातून किंवा जास्त पगारातून, आणि त्यामुळे तो जवळ राहणाऱ्याइतकाच समाधानी असायला हवा. जर्मनीतल्या माहितीत त्यांना तसं दिसलं नाही. प्रवास जितका लांब, तितकं लोकांनी स्वतःच सांगितलेलं आयुष्यातलं समाधान कमी. मला याचा अर्थ असा लागतो की मोठ्या घराची सवय पटकन होते आणि त्याचं कौतुक संपतं, पण रखडलेल्या गाडीची सवय होत नाही, कारण ती रोज वेगळ्या पद्धतीने रखडते.

पायरी ४: ठिकाण निवडताना किलोमीटर विसरा

नकाशावर शहराभोवती वर्तुळ काढू नका. प्रवासाच्या मार्गावर बोट ठेवून पुढे सरका. थेट जलद गाडी थांबणारं ४० किलोमीटरवरचं गाव, दोन गाड्या बदलून जावं लागणाऱ्या २० किलोमीटरवरच्या वस्तीपेक्षा बरेचदा 'जवळ' असतं.

जिथून गाडी सुटते ते स्टेशन मिळालं तर त्याला जास्तीचे गुण द्या, कारण तिथे बसायला जागा मिळते. ५० मिनिटं बसून वाचता येणं आणि ४० मिनिटं उभ्याने लोंबकळणं, यात मी डोळे मिटून पहिलं निवडेन. शहरात जायला निदान दोन वेगळे मार्ग असावेत, एक बंद पडला तर दुसरा, मग तो महागडा आणि संथ का असेना. एकाच पुलावर किंवा एकाच रुळावर भिस्त असलेली वस्ती वर्षातले काही दिवस बेट होते.

आता आश्वासनांबद्दल. 'नवी रेल्वे येतेय, तीन वर्षांत भाव दुप्पट' हे वाक्य शहराबाहेरच्या घरांइतकंच जुनं आहे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ पासून आपल्या मार्गालगतच्या भागाला 'मेट्रो-लँड' असं गोंडस नाव देऊन तिथली हिरवी स्वप्नं विकायला सुरुवात केली होती. पण त्या कंपनीचे रूळ निदान जमिनीवर होते. तुम्हाला दाखवला जाणारा मार्ग नुसताच नकाशावर तुटक रेषेत असेल, तर तो नाहीच असं समजून हिशेब करा. उद्या आला तर आनंदच. आजचं भाडं मात्र आज असलेल्या सोयीचं द्या.

पायरी ५: राहून बघा

रविवारी दुपारी घर बघायला जाऊन काहीच कळत नाही. रविवारी दुपारी सगळीच गावं शांत आणि सुंदर असतात.

शक्य असेल तर त्या भागात आठवडाभर तात्पुरती जागा घ्या आणि तिथून कामावर जा. जमत नसेल तर निदान उलटा प्रयोग करा: कामाच्या दिवशी पहाटे त्या गावी पोचा आणि तिथून गर्दीच्या वेळेत ऑफिस गाठा, संध्याकाळी परत त्या घराच्या दारापर्यंत जा. दारापर्यंत, स्टेशनपर्यंत नव्हे. स्टेशन ते घर हा शेवटचा तुकडाच अंधारात, पावसात आणि हातात पिशव्या घेऊन कसा वाटतो हे कळायला हवं. दिवे आहेत का? पदपथ आहे की रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालायचं? रात्री दहाला तिथे माणसं दिसतात का?

पाऊस पडून गेल्यावर एकदा जा. पाणी कुठे साचतं, रस्ता कुठे खचतो, वीज किती वेळ जाते, हे घरमालक सांगत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार सांगतो. त्याच्याकडून काहीतरी विकत घ्या आणि गप्पा मारा. घरात उभं राहून मोबाईलला रेंज आहे का ते खोलीखोलीत तपासा, आणि आठवड्यातले काही दिवस घरून काम करणार असाल तर इंटरनेट कुठल्या कंपनीचं येतं, बंद पडलं की किती वेळ बंद राहतं, हे शेजाऱ्याला विचारा. सगळा सौदा 'तीनच दिवस ऑफिस' यावर उभा असेल तर इंटरनेट हा त्या घराचा पाया आहे.

पायरी ६: घरातल्या बाकीच्यांचे तास

हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो. वहीत प्रवास करणाऱ्याचे ३३ तास दिसतात, घरी राहणाऱ्याचे दिसत नाहीत. एक माणूस रोज पाऊण तास आधी निघून पाऊण तास उशिरा परतला, तर सकाळचा डबा, मुलांची तयारी, आजारी पडलेल्याला दवाखान्यात नेणं, गळणारा नळ आणि दुरुस्तीवाल्याची वाट बघणं हे सगळं आपोआप दुसऱ्याच्या अंगावर येतं. त्या दुसऱ्याचीही नोकरी असेल तर काय? दोघांची ऑफिसं शहराच्या दोन टोकांना असतील तर एकाला सोयीचं गाव दुसऱ्याला वनवास ठरतो.

म्हणून वहीत प्रत्येक माणसाचा वेगळा रकाना हवा, मुलांचाही. शाळा सुटल्यापासून मोठं माणूस घरी येईपर्यंत किती तास जातात? शाळेतून फोन आला, 'ताप आहे, घेऊन जा', तर अर्ध्या तासात पोचू शकेल असं कोण आहे? दोघेही ७५ मिनिटं लांब असतील तर हे नाव घर ठरवण्याआधीच ठरलेलं हवं. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना रोज भेटणारी चार माणसं तुटणार आहेत. तुमच्याकडे ऑफिस तरी असतं. रात्री चालू असणारं रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि तिथे नेमकं काय होतं, काय होत नाही, याची चौकशी जाऊनच करावी.

सगळ्यांना बसवून एकदा नीट विचारा, आणि विचारताना ठरवून मोकळं झालेल्या माणसासारखं विचारू नका.

पायरी ७: साहेबांशी आधी बोला, घरमालकाशी नंतर

घरून काम करण्याची सवलत 'चालतं आपल्याकडे' या तोंडी परंपरेवर असेल तर ती ईमेलवर आणा. किती दिवस, कुठले दिवस, आणि धोरण बदललं तर किती आधी कळवणार. ऑफिसची वेळ अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे करता आली तर गर्दी टळते, प्रवासाचा वेळ कमी होतो आणि एक पैसाही लागत नाही. ही मागणी नव्या घराचा करार होण्याआधी करायची असते. करारानंतर ती विनंती होते. आणि नजीकच्या काळात नोकरी बदलण्याचा बेत असेल तर तोही धरा. तुमच्या क्षेत्रातली ऑफिसं शहराच्या एकाच कोपऱ्यात एकवटलेली असतील तर त्या दिशेचं गाव निवडणं शहाणपणाचं.

पायरी ८: आधी भाड्याने

नव्या भागात सरळ घर विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. शहरातलं स्वतःचं घर विकून जाणाऱ्यांना तर ते दुप्पट लागू. महाग शहरातून बाहेर पडणं सोपं असतं. पाच वर्षांनी परत शिरायचं म्हटलं तर तोवर भाव कुठच्या कुठे गेलेले असू शकतात. निदान एक सगळा ऋतुचक्राचा फेरा भाड्याने राहा. शहरातलं घर स्वतःचं असेल तर तेवढा काळ ते भाड्याने देता येतं का बघा, आणि त्या भाड्यावर लागणारा कर वहीत मांडायला विसरू नका.

भाडेकरारात तीन गोष्टी वाचल्याशिवाय सही नको: मुदतीआधी घर सोडायचं झालं तर काय भरावं लागतं, भाडं दरवर्षी किती वाढणार, आणि अनामत रक्कम कुठल्या कारणांनी कापली जाऊ शकते. पहिलं कलम तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं, कारण तुम्ही अजून प्रयोग करत आहात.

पायरी ९: प्रत्यक्ष हलणं

यात फार डोकं लावण्यासारखं नाही. जुन्या घराची नोटीस संपण्याच्या आठवडाभर आधी नव्याचा ताबा घ्या. जड सामान न्यायचं की तिथे घ्यायचं, हे वाहतुकीचा दर विचारून ठरवा. कपाट उतरवून-चढवून मोडतं, आणि नव्या खोलीत बसत नाही ते वेगळंच. जुन्या घराचे आणि नव्या घराचे, रिकामे असताना, प्रत्येक भिंतीचे आणि मीटरचे फोटो काढा. पत्ता बदलण्याची यादी जायच्या आधी करा: बँक, विमा, कर, मतदार यादी, वाहनाची नोंदणी, मुलांची शाळा, नियमित औषधं देणारा डॉक्टर. रोजची औषधं घेणाऱ्यांनी महिनाभराचा साठा सोबत ठेवावा. आणि घर बदलायचा दिवस शुक्रवार असावा, म्हणजे सोमवारच्या पहिल्या प्रवासाआधी दोन दिवस मिळतात.

पायरी १०: पहिले तीन महिने

पहिला महिना नव्याच्या नवलाईत जातो, तो निकालात धरू नका. दुसऱ्या महिन्यापासून प्रवासाची नोंद ठेवा, रोजची दोन मिनिटंच लागतात: निघालो केव्हा, पोचलो केव्हा, बसायला जागा मिळाली का. दोन महिन्यांच्या नोंदी समोर असल्या की 'मला वाटतं' या सुराची जागा आकडे घेतात, आणि ते तुमच्या अंदाजाशी ताडून बघता येतात.

प्रवासाच्या वेळात काय करणार हे ठरवा, पण त्यावर फार इमले बांधू नका. 'गाडीत बसून भाषा शिकेन' हा संकल्प उभ्याने प्रवास करणाऱ्याचा टिकत नाही. झोप काढणं हाही चांगला उपयोग आहे.

नव्या गावात फक्त झोपायला येणारे लोक तिथले कधीच होत नाहीत, आणि शहरातलेही राहत नाहीत. यावर उपाय एकच मला माहीत आहे: आठवड्यातलं एखादं नियमित काम मुद्दाम गावातच करा. वाचनालय, खेळाचं मैदान, भाजी, केस कापणं, काहीही. त्याच वेळी, त्याच जागी. ओळखी ठरवून होत नाहीत, पण दर शनिवारी तीच माणसं दिसली की होतात. शहरातल्या मित्रांच्या बाबतीत महिन्यातला एक ठरलेला दिवस ठेवा आणि शेवटच्या गाडीची वेळ सगळ्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे दर वेळी घड्याळ बघून माफी मागावी लागत नाही.

करार संपायच्या तीन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर आजच टाका. त्या दिवशी वही उघडायची, बेरीज आणि तासाचा भाव नव्या आकड्यांनी पुन्हा काढायचा, आणि घरातल्या प्रत्येकाने आपापला रकाना स्वतः भरायचा. परत जायची वेळ कुठल्या परिस्थितीत आली असं मानायचं, हेही आत्ताच लिहून ठेवा: ऑफिसचे दिवस तीनवरून पाच झाले तर, बचत अमुक आकड्याखाली गेली तर, मुलाची शाळा जमली नाही तर. ही अट जायच्या आधी लिहिलेली असली की त्या दिवशी घरात भांडण न होता चर्चा होते.